अंगठ्याच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यावर पुन्हा चालायचे कसे?



वस्तीतल्या महिला बैठकीत बीपी-शुगर तपासायला बसलो की हल्ली कोणीतरी पदराआडून पाय पुढे करते. "ताई, अंगठ्याजवळचे हाड वाढले आहे. चप्पल घातली की ठणकते. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. करू का?" करू का, हा प्रश्न सगळ्या विचारतात. ऑपरेशननंतर घरी काय होणार, पाणी कोण भरणार, कामावर कधी जाता येईल, सकाळचा चालण्याचा व्यायाम पुन्हा कधी सुरू होईल, हे कोणी विचारत नाही. आम्ही ज्या बायांची ड्रेसिंग घरी जाऊन पाहिली, त्यांच्यात ज्यांचा पाय बिघडला त्यांचा बहुतेक वेळा घरीच बिघडला, पहिल्या सहा आठवड्यांत. म्हणून या वेळी आरोग्य पानावर त्याच आठवड्यांबद्दल लिहितो आहोत.

आधी आजार समजून घेऊ. "हाड वाढले" असे आपण म्हणतो, पण नवे हाड क्वचितच वाढलेले असते. अंगठ्यामागे तळपायात जे लांब हाड असते ते आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते, आणि अंगठा उलट बाजूला, शेजारच्या बोटाकडे झुकतो. दोन्ही जिथे जुळतात तो सांधा कोपरासारखा बाहेर येतो. तिथे चप्पल घासते, कातडी लाल होते, गाठ सुजते. याला इंग्रजीत बनियन म्हणतात. ओपीडीत डॉक्टरांनी "बनियन आहे" म्हटले की आमच्या मावश्या हसू दाबतात, कारण आपल्याकडे बनियन दोरीवर वाळत असते. केस पेपरवर मात्र "हॅलक्स व्हॅल्गस" लिहिलेले दिसेल. दोन्ही एकच.

हे घराण्यात चालत येते. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते. सपाट तळवा आणि सांधेवात यांनीही होते. निमुळत्या टोकाच्या बुटांचा वाटा मोठा आहे. 1958 साली हाँगकाँगमध्ये बूट घालणारे आणि अनवाणी राहणारे लोक तपासले, तेव्हा बूट घालणाऱ्यांत सुमारे तिसऱ्या हिश्शाला ही विकृती होती, अनवाणी राहणाऱ्यांत शंभरात दोघांना. याचा अर्थ अनवाणी फिरा असा नाही, वस्तीत काचा आणि खिळे आहेत. अर्थ एवढाच की पावलाला पसरायला जागा हवी.

ऑपरेशन कोणी करावे? रुंद चप्पल वापरूनही दुखते, चालणे कमी झाले, दुसरे बोट अंगठ्यावर चढू लागले, गाठीवर वारंवार जखम होते, त्यांनी. फक्त दिसायला बरे नाही, मुलीचे लग्न ठरायचे आहे, एवढ्यासाठी करू नका. न दुखणाऱ्या पायाचे ऑपरेशन करून दुखणारा पाय मिळालेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत.

प्लास्टर नाही, पण हाड कापलेले आहे

या ऑपरेशनमध्ये सर्जन बहुतेक वेळा ते सरकलेले हाड कापतात, सरळ जागी आणतात आणि बारीक स्क्रूने किंवा तारेने पक्के करतात. कमरेखाली किंवा फक्त पावलाला भूल देतात. त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. आणि इथेच घोटाळा होतो. पाय मोडून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेली बाई घरी आली की सगळी गल्ली तिला "उठू नको" म्हणते. अंगठ्याचे ऑपरेशन झालेली बाई मात्र छोटे पांढरे बँडेज आणि जाड तळाचा बूट घालून चालत घरी येते, म्हणून घरच्यांना वाटते काही मोठे झालेले नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे, म्हणजे आता गॅसपुढे, उभी असते. घरात हे स्पष्ट सांगा: हा मुद्दाम केलेला फ्रॅक्चर आहे. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्याला आत फक्त एक-दोन स्क्रूंचा आधार असतो.

म्हणून तारीख घेण्याआधी घरात सगळे बसा. पाणी किती वाजता येते आणि कोण भरणार, डबे कोण करणार, सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार, हे नावानिशी ठरवा. "बघू" म्हणाले तर तारीख पुढे ढकला. घरात मोठा मुलगा असेल तर हंडा त्यानेही उचलावा, त्याला दोन हात आहेत.

तारीख निवडताना पाऊस टाळता आला तर टाळा. गळके पत्रे, दारातला चिखल आणि सार्वजनिक शौचालयाकडे जाणारी निसरडी वाट, यात बँडेज कोरडे राहणे कठीण. दिवाळीनंतरचे महिने आम्हाला बरे वाटतात.

कामाचे काय, हा खरा प्रश्न. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, कंत्राटी सफाई कामगार, हाउसकीपिंगच्या बाया, कारखान्यातल्या, त्यांनी डॉक्टरचा दाखला घेऊन ईएसआय दवाखान्यात आजारपणाच्या लाभाचा अर्ज करावा. मागच्या सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. हा उपकार नाही, तुमच्याच पगारातून गेलेला पैसा आहे. ठेकेदार "असे काही नसते" म्हणाला तरी आपला ईएसआय नंबर घेऊन स्वतः ऑफिसला जा. घरकाम करणाऱ्या बायांना ही सोय नाही. त्यांनी महिनाभर आधी प्रत्येक घरी सांगावे आणि बदलीला आपल्याच ओळखीची बाई स्वतः नेऊन द्यावी, म्हणजे परत जाताना जागा शिल्लक राहते. बैठे काम असेल तर दोन ते चार आठवड्यांत जाता येते. उभ्याने करायचे काम, झाडू, फरशी, स्वयंपाक, यांना सहा ते बारा आठवडे धरा. दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून आधी विचारा. नंतर विचारले तर बिल झालेले असते.

शुगर असलेल्या ताईंनी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, आधी तपासून घ्या आणि पायाचा रक्तपुरवठा पाहायला सांगा. रक्त कमी असेल तर ते भरून काढा. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा बंद. हे आम्ही शिस्तीसाठी सांगत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड उशिरा जुळते, जखम चिघळते. मिश्री "फक्त दाताला" लावली तरी निकोटिन रक्तात जातेच. दवाखान्यात जाण्याआधी जोडवी काढा. पाय सुजल्यावर ती निघत नाहीत आणि कापावी लागतात.

पहिले दोन आठवडे: पाय वर

पहिल्या दोन आठवड्यांचे काम एकच, पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहणे. जेवण, संडास-बाथरूम आणि थोडी हालचाल सोडली तर दिवसाचा बहुतेक वेळ. खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवणे पुरेसे नाही, तेव्हा पाय छातीच्या खालीच राहतो. दोन-तीन गोधड्या घडी करून पोटरीखाली द्या, टाच मोकळी राहू द्या. जमिनीवर अंथरूण असेल तर उठताना जोर पुढच्या पंजावरच येतो, म्हणून शेजारून खाट मागून आणा. माळ्यावर झोपत असाल तर सहा आठवडे शिडी बंद.

जो जाड तळाचा बूट दिला आहे तो घातल्याशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही, रात्री लघवीला उठतानाही नाही. वजन टाचेवर. काही ऑपरेशनमध्ये, विशेषतः तळपायातला मागचा सांधा कायमचा जोडला असेल तर, पाय अजिबात टेकू देत नाहीत. म्हणून घरी सोडताना डॉक्टरांना शब्दशः विचारा: "टाच टेकू का? किती आठवडे?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. वॉकर किंवा कुबड्या विकत घेण्याआधी भाड्याने मिळतात का पाहा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. त्या बुटाने एक पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते. दुसऱ्या पायात जाड तळाची चप्पल घातली की बरे वाटते.

शौचालयाचा विषय लाजून टाळू नका. उकिडवे बसताना अंगठा मुळापासून पूर्ण वाकतो आणि सगळा भार पंजावर येतो. सहा आठवडे हे चालणार नाही. मधे भोक असलेली प्लास्टिकची कमोड खुर्ची औषध साहित्याच्या दुकानात मिळते. सार्वजनिक शौचालयात ती नेता येत नाही, म्हणून घराच्या कोपऱ्यात पडदा लावून भांड्याची सोय करावी लागते. जड वाटेल, पण बाळंतिणीसाठी आपण करतोच.

बँडेज घरी सोडू नका. ते नुसते जखम झाकत नाही, अंगठ्याला सरळ धरून ठेवते. ओले झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात बदलून घ्या. अंघोळ स्टुलावर बसून, पाय प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी घोट्याच्या वर चिकटपट्टीने बंद करून आणि पाणी पडणार नाही असा बाहेर काढून. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. हळद, तेल, कोंबडीचे पित्त, हाडवैद्याचा लेप, काहीही जखमेवर नको. दुखण्याच्या गोळ्या काही खाऊन घ्या. किडनीचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल तर मेडिकलवाल्याच्या मनाने गोळी घेऊ नका.

पडल्या पडल्या घोटा वर-खाली करा, दर तासाला वीस वेळा, दोन्ही पायांचा. याने पोटरीत रक्त साखळत नाही. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखली तर तेल लावून चोळू नका, दवाखान्यात जा. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच, रात्री असली तरी. ताप, पू, घाण वास, दिवसेंदिवस वाढणारे ठणकणे, बोटे निळी-काळी किंवा थंड पडणे, हेही थांबण्यासारखे नाही. सूज मात्र घाबरण्यासारखी नाही. पाय खाली सोडला की बोटे सुजून जांभळट दिसतात, वर घेतला की रंग परत येतो. असे होणे अपेक्षित आहे.

हाड जुळायला महागडी पावडर लागत नाही. अंडी, डाळ, सुकट, नाचणीची भाकर, पालेभाजी. सुकटीच्या चटणीला आम्ही कोणत्याही डब्यातल्या प्रोटीनपेक्षा कमी लेखत नाही.

अंगठा हलवणे

टाके निघाल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बहुतेक डॉक्टर अंगठा हलवायला सांगतात. अंगठ्याचा सांधाच जोडून टाकला असेल तर हे करायचे नाही, म्हणून विचारूनच. खाली बसा, पाय मांडीवर घ्या. अंगठा टोकाला न धरता मुळाशी, सांध्याच्या अगदी पुढे धरा. हळू वर न्या, पाच-दहा सेकंद थांबा, हळू खाली न्या. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. ओढल्यासारखे वाटले पाहिजे, टोचल्यासारखे नाही. हे टाळले तर अंगठा सरळ दिसतो पण लाकडासारखा राहतो, आणि अंगठा वाकत नसेल तर पाऊल पुढे ढकलता येत नाही. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर खोबरेल तेलाने बोटाने गोल मसाज करा. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा काही महिने राहू शकतो.

या काळात ज्यांची रोजची अर्धा तासाची फेरी बंद झाली आहे अशा शुगरवाल्या मावश्यांकडे आमचे खास लक्ष असते. चालणे थांबले की शुगर चढते. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाय उचलणे, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन खांद्याचे व्यायाम, हे दुसऱ्या आठवड्यापासून करता येते. आठवड्यातून एकदा तरी शुगर तपासा आणि आकडे लिहून ठेवा.

सहा आठवड्यांनंतर: पुन्हा चालणे

सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक्स-रे होतो. हाड जुळताना दिसले की बूट सुटतो. पहिल्या दिवशी बहुतेकींचा विश्वास बसत नाही, पाय हवेत धरून चालतात. आता चप्पल कोणती, हे आधी. पुढून रुंद, तळ जाड आणि न वाकणारा, मागे पट्टा. साधे स्पोर्ट बूट किंवा पट्ट्याचे सँडल. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने आखा, तो कागद कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळाशी लावून पाहा. कागद दुमडला तर तो बूट तुमचा नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो. हवाई चप्पल आणि अंगठ्याची चप्पल किमान तीन महिने नको. ती पायात टिकवायला अंगठ्याने धरून ठेवावी लागते, आणि अंगठ्यात अजून तेवढी ताकद नसते.

चालण्याची सवयही बिघडलेली असते. सहा आठवडे टाचेवर आणि बाहेरच्या कडेवर चालल्यामुळे पाय तसाच पडत राहतो. मग काही महिन्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली घट्टे पडतात, गुडघा दुखतो, आणि दोष ऑपरेशनला दिला जातो. म्हणून घरातच भिंतीला हात लावून, मोजून चाला: टाच टेकते, तळवा टेकतो, शेवटी अंगठा जमीन ढकलतो. पावले छोटी, दोन्ही सारखी. दहा पावले नीट पडली तर ती शंभर लंगड्या पावलांपेक्षा कामाची.

मग बाहेर. सातव्या आठवड्यात सपाट रस्त्यावर पाच ते दहा मिनिटे, सकाळ-संध्याकाळ. गल्लीतल्या उघड्या गटारावरून उडी मारायची नाही, फरशीवरून जा. दर आठवड्याला पाचेक मिनिटे वाढवा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बहुतेक बाया सलग अर्धा तास चालतात. वाढवायचे की नाही हे ठरवायला आमच्याकडे एकच मोजमाप आहे: दुसऱ्या दिवशीची सकाळ. चालताना थोडे ओढले, संध्याकाळी थोडी सूज आली, चालेल. पण सकाळी उठल्यावर पाय कालपेक्षा जास्त सुजलेला किंवा दुखरा असेल तर आदल्या आठवड्याच्या मिनिटांवर परत जा आणि तीन-चार दिवस तिथेच राहा. मैत्रिणीचे मिनिट मोजू नका. एकाच सर्जनकडे एकाच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या दोघींमध्ये महिन्याचा फरक पडलेला आम्ही पाहिला आहे. एकीचे वय जास्त, एकीचे हाड दोन जागी कापलेले.

आठव्या-दहाव्या आठवड्यापासून जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करा. भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचला, दहा वेळा. एका पायावर टाच उचलणे नंतर. भिंतीकडे तोंड करून मागचा पाय सरळ ठेवून पोटरी ताणा. पोटरी आखडली असेल तर भार पुढच्या पंजावर लवकर येतो. झपझप चालणे तीन महिन्यांनंतर. धावणे, दोरी उड्या, लेझीम, मिरवणुकीत नाचणे, चार ते सहा महिन्यांनंतर आणि डॉक्टरांना विचारून.

विहाराबद्दल बायका हमखास विचारतात. वर्षावासात रोज ग्रंथवाचनाला जाता, तिथे मांडी घालून बसताना अंगठा दुसऱ्या मांडीखाली दाबला जातो. पहिले तीन महिने खुर्चीवर बसा, आणि विहार समितीने मागे चार खुर्च्या कायम ठेवाव्यात, गुडघेवाल्या आजीलाही लागतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेचेही तसेच. उभे राहणे चालण्यापेक्षा अवघड असते, कारण पोटरीचा पंप चालत नाही आणि पाण्याचा भार पावलात उतरतो. त्यात गर्दीत कोणाचा तरी पाय तुमच्या पायावर पडतोच. ऑपरेशनला चार महिने झाले नसतील तर या वर्षी रांग नको. झाले असतील तर बंद बूट, पिशवीत बसायला घडीचे स्टूल, आणि सोबत कोणीतरी.

सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्ष लागते. दोन्ही पायांना त्रास असेल तर वस्तीतल्या घरात आम्ही एका वेळी एकच पाय करा म्हणतो. दोन्ही पाय एकदम बांधले तर शौचालयापर्यंत जायलाही माणूस लागतो. पहिला पाय साध्या बुटात पूर्ण वजन घेऊ लागला आणि अर्धा तास चालता येऊ लागला, की दुसऱ्याची तारीख घ्या. मधल्या काळात त्या दुसऱ्या पायालाही तोच रुंद बूट घाला. पुष्कळ जणींचे दुखणे त्यानेच कमी होते आणि दुसरे ऑपरेशन लांबते, काहींचे तर लागतच नाही.